दीडशे मीटरची आगगाडी

‘१५० मीटर लांबीची एक आगगाडी एका खांबाला ९ सेकंदांत ओलांडते, तर तिचा ताशी वेग किती?’

मराठीतली सगळ्यात छोटी प्रवासकथा कोणती, असं कुणी विचारलं तर मी हे वाक्य पुढे करीन. आगगाडी आहे, प्रवास आहे, वेळ ठरलेली आहे, शेवटी प्रश्नचिन्ह टाकून उत्कंठाही राखलेली आहे. फक्त गाडी कुठून निघाली, कुठे चालली आहे, आत कोण बसलंय, खिडकीपाशी कुणाचं भांडण चाललंय, यातलं काही कळत नाही. कळायचं कारणही नाही. लेखकाने गाडीची लांबी सांगितली ती तिचं वर्णन करावं म्हणून नव्हे. उत्तराला ती लागते म्हणून. गाडीचा रंग लागत नाही, म्हणून गाडीला रंग नाही. अशी काटकसर भल्याभल्या कथाकारांना साधत नाही.

खांबाचंच पाहा. रुळाकाठी इतक्या गोष्टी असताना लेखकाने खांबच का निवडला? कारण खांबाला जाडी नसते. म्हणजे असते, पण पुस्तकात नसते. पुढच्या उदाहरणात त्याच जागी झाड येतं आणि त्याच्या पुढच्यात ‘रुळाजवळ उभा असलेला माणूस’. खांब, झाड आणि माणूस या तिघांत लेखकाला काडीचाही फरक दिसत नाही. तिघांचीही रुंदी शून्य. त्या माणसाबद्दल मला नेहमी कणव वाटते. पिढ्यानपिढ्या तो रुळाकाठी उभा आहे. गाड्या त्याला नऊ सेकंदांत, बारा सेकंदांत, कधी साडेसात सेकंदांत ओलांडून जातात, आणि त्याला एकदाही कुणी विचारलेलं नाही की बाबा रे, तुला कुठे जायचंय?

उत्तर अर्थातच ताशी ६० किलोमीटर. १५० भागिले ९, गुणिले १८ छेद ५. हा ‘१८ छेद ५’ ज्याला पाठ आहे त्याला अर्धं प्रकरण येतं आणि ‘५ छेद १८’ पाठ झाला की उरलेलं अर्धं. कुठे कोणता वापरायचा हे कळलं की संपलंच. आमच्या आधीच्या पिढीला या दोन अपूर्णांकांची गरज नव्हती. त्यांच्या गाड्या मैलांनी धावत आणि खांब फुटांनी ओलांडत; त्यांनी ‘ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट’ एवढं डोक्यात कोरून ठेवलेलं असे. १९५६ च्या कायद्याने मैल आणि फूट हळूहळू गेले, पण डोक्यातले ८८ काही गेले नाहीत. अजूनही एखादे आजोबा नातवाचं मीटरमधलं गणित आधी फुटांत करतात आणि मग त्याला परत मीटरमध्ये आणून सोडतात.

आता १५० मीटर म्हणजे किती? आपल्याकडचा रेल्वेचा डबा साधारण बावीस-तेवीस मीटर लांब असतो. म्हणजे ही गाडी इंजिन धरून जेमतेम सहा-सात डब्यांची. खरी लांब पल्ल्याची गाडी वीस-बावीस डब्यांची, अर्ध्या किलोमीटरच्या घरात जाणारी. पुस्तकातल्या गाड्या का कोण जाणे, आखूडच असतात. त्यांचे फलाटही अडीचशे-तीनशे मीटरचे. हुबळीला २०२३ मध्ये १५०७ मीटरचा फलाट सुरू झाला, जगातला सर्वांत लांब. आपली आखूड गाडी त्याच ६० च्या वेगाने तिथे सोडली तर फलाट ओलांडायला तिला जवळजवळ एक मिनिट चाळीस सेकंद लागतील. पण तिथे तिला सोडायचं कुणी? फलाट आला की खरी गाडी थांबते आणि थांबणाऱ्या गाडीचं पुस्तकात काही काम नाही. पुस्तकातली गाडी स्टेशनाला शिवतसुद्धा नाही, नुसती ‘ओलांडते’.

या लेखकाला ताशी ६० फार आवडतो. कारण उघड आहे: मिनिटाला एक किलोमीटर. त्यानंतर आवडीचे ७२, ५४, ३६ आणि ९०, कारण ते अठराने तुटतात. ताशी ६७ ने धावणारी गाडी त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. पण गंमत अशी की हा ६० चा वेग अगदीच काल्पनिकही नाही. पुणे ते मुंबई रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. १ जून १९३० पासून त्या रस्त्यावर असलेली डेक्कन क्वीन वेळापत्रकाप्रमाणे सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते आणि दहा पंचवीसला मुंबईत पोचते. म्हणजे १९० मिनिटांत १९२ किलोमीटर. भागाकार करा: ताशी साठाच्या किंचित वर. पुस्तकातली आगगाडी सापडली म्हणायची!

पण त्या १९० मिनिटांत ती ६० ने किती वेळ धावते? मैदानात त्याहून कितीतरी जोरात पळते, घाटात त्याहून पुष्कळ हळू उतरते, लोणावळ्याला थांबते, मुंबईच्या हद्दीत शिरली की पुढच्या लोकलचा अंदाज घेत चालते. काटा ६० वरून जातो तो वर जाताना आणि खाली येताना, तेवढाच. सरासरी वेग म्हणजे गाडी ज्या वेगाने जवळजवळ कधीच धावत नाही तो वेग. सगळा प्रवास त्या आकड्यावर नोंदलेला असतो आणि तो आकडा प्रवासात जेमतेम भेटतो.

आणि परतीच्या वाटेवर तर कर्जतला थांबावंच लागतं. बोरघाटात चढ ३७ ला १ असा आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती ढकलत ढकलत गाडी वर नेतात. त्या वेळात लोक वडा खातात. पुस्तकात या वड्याला वेळ दिलेला नाही. चढही नाही. पुस्तकाचा प्रदेश इतका सपाट आहे की तिथे सह्याद्री ठेवायला जागाच नाही.

घाट आला की या प्रकरणातला सगळ्यात खट्याळ प्रश्न आठवतो. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर धरू. समजा, एक गाडी हा घाट ताशी ३० ने चढली. आता ती किती वेगाने उतरली म्हणजे जाऊन-येऊन सरासरी ताशी ६० पडेल? दहातले नऊ जण चटकन ‘९०’ म्हणतात. तीस आणि नव्वद, बेरीज एकशे वीस, निम्मे साठ. किती सुंदर उत्तर! फक्त खोटं. जाऊन-येऊन ५६ किलोमीटर ६० च्या सरासरीने करायचे तर हाताशी वेळ ५६ मिनिटं. आणि ३० ने २८ किलोमीटर चढायला लागली किती? ५६ मिनिटं. म्हणजे गाडी लोणावळ्याला पोचली तेव्हाच वेळ संपला. आता ती विमानासारखी उतरली तरी उपयोग नाही. उतरायला शून्य मिनिटं शिल्लक आहेत.

असंच एक कोडं, टेकडी चढणाऱ्या जुन्या मोटारीचं, मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी आइन्स्टाइनला पत्रातून घातलं होतं. उतरायला वेळच उरत नाही हे आपल्याला आकडेमोड करेपर्यंत लक्षात आलं नाही, असं आइन्स्टाइनने मोकळेपणी कळवलं. काळाचं सगळं गणित ज्याने नव्याने मांडलं त्याला एका मोटारीने क्षणभर चकवलं, हे वाचून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेल्या कितीतरी मुलांना धीर यावा. माझ्या मते हा किस्सा प्रकरणाच्या सुरुवातीलाच छापायला हवा, सूत्रांच्याही आधी.

यातली गोम अशी की हळू चालणं जास्त वेळ टिकतं. १२० किलोमीटर जाताना ताशी ४० आणि येताना ६०, तर सरासरी ५० नाही, ४८. कारण ४० च्या वेगात तीन तास गेले आणि ६० च्या वेगात दोनच. वेगाने गेलेला वेळ पटकन संपतो, रखडलेला वेळ रखडत राहतो, आणि सरासरी काढताना रखडलेल्याचं माप अधिक भरतं. मुंबईत रोज प्रवास करणाऱ्या माणसाला हे सूत्राशिवाय समजतं. द्रुतगती मार्गावर गाडी कितीही हाणली तरी शीव-पनवेलची कोंडी सगळा हिशेब चुकता करून घेते.

खरं तर आपण रोजच्या बोलण्यात वेग हा शब्द वापरतच नाही. मुंबईकराला विचारा, ‘चर्चगेट किती लांब?’ तो किलोमीटर सांगणार नाही. ‘फास्ट मिळाली तर पाऊण तास’ म्हणेल. पुण्यात उत्तर रस्त्यावर आणि उत्तर देणाऱ्याच्या मूडवर अवलंबून. खेड्यात पूर्वी ‘हाकेच्या अंतरावर’ असं सांगत, आणि ती हाक कुणाची धरायची हे चालताना कळे. ‘इथंच आहे, चार पावलं’ हे तर दोन किलोमीटरांपर्यंत कशालाही चालतं. अंतर विचारावं आणि वेळ ऐकावी, वेळ विचारावी आणि अंतर ऐकावं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भागाकार ज्याचा त्याने मनात करून घ्यायचा.

लहान मुलांचं मात्र तसं नसतं. शेजारची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अभ्यास करते आणि अधूनमधून वही घेऊन माझ्याकडे येते. तिला गणित येतं. तिला गोष्ट पटत नाही. त्या दिवशी उदाहरण होतं: ‘एक मुलगा घरून ताशी ४ किमी वेगाने चालत गेला तर त्याला शाळेत पोचायला ५ मिनिटे उशीर होतो, ताशी ५ किमी वेगाने गेला तर तो १० मिनिटे आधी पोचतो. तर घर ते शाळा अंतर किती?’

मी म्हटलं, ‘दोन वेळांत फरक किती पडला?’

‘पंधरा मिनिटं. अंतर पाच किलोमीटर. ते झालं माझं काका. पण हा रोज पाच किलोमीटर चालतो?’

‘चालत असेल.’

‘एसटीचा पास का नाही काढत?’

‘गणितात एसटी नाही.’

‘मग सायकल?’

‘सायकल पुढच्या उदाहरणात आहे.’

तिने पान उलटून खात्री करून घेतली. सायकल होती, पण ती दुसऱ्याच कुणाची. ‘आणि याला घड्याळ कळतं ना,’ ती म्हणाली, ‘मग दहा मिनिटं आधी निघायचं सोडून हा वेग कशाला बदलत बसलाय?’

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शाळेला उशीर होतोय म्हणून आधी निघावं हे साधं शहाणपण त्या मुलाला लेखकाने दिलेलं नाही, कारण मग उदाहरणच उभं राहत नाही. दोन गाड्या समोरासमोरून निघतात आणि ‘कधी भेटतील’ असं विचारतात, तेव्हाही तिने एकदा विचारलं होतं की त्या एकाच रुळावर आहेत का. पुस्तक याबाबत मौन पाळतं. मला वाटतं, प्रश्नाबाहेरचे प्रश्न विचारणारी मुलं गणितात कच्ची नसतात; ती वाचनात पक्की असतात. पुढे परीक्षा त्यांना असे प्रश्न सोडून द्यायला शिकवते. घड्याळ लावून साठ-सत्तर प्रश्न सोडवायचे तर त्या मुलाच्या पायांची काळजी करून चालत नाही. शिक्षणाचा बराचसा भाग काय वाचायचं नाही हे शिकण्यात जातो आणि तो फुकट जातो असंही मी म्हणणार नाही, कारण नको ते बाजूला सारल्याशिवाय १५० भागिले ९ होतच नाही. पण थोडी हळहळ वाटते खरी.

पाण्यातली उदाहरणं मी इथे उरकून टाकतो. प्रवाहाबरोबर १२, प्रवाहाविरुद्ध ८, म्हणजे नाव १० ची आणि नदी २ ची. नावाडी काही बोलत नाही, नदीला पूर येत नाही. या नावेतून मला कुणी फेरी मारून आणली तर मला झोप लागेल.

माशीचं उदाहरण मात्र मस्त आहे. पुण्याहून आणि मुंबईहून दोन गाड्या एकमेकींकडे निघाल्या, एक ताशी ६० ने आणि दुसरी ३६ ने. त्याच क्षणी एक माशी पहिल्या गाडीच्या टपावरून ताशी ८० ने उडाली, दुसरीला शिवून परत फिरली, पहिलीला शिवून पुन्हा फिरली; गाड्या भेटेपर्यंत तिचं हेच चाललं. माशी एकूण किती उडाली? ज्याला फेऱ्या मोजायच्या आहेत त्याने मोजाव्यात, त्या अनंत आहेत. ज्याला नको आहेत त्याने एवढंच पाहावं की गाड्यांना भेटायला १९२ भागिले ९६, म्हणजे दोन तास लागतात, तेवढा वेळ माशी उडते, १६० किलोमीटर. फॉन नॉयमान या गणितज्ञाला कुणीतरी हे कोडं घातलं आणि त्याने क्षणात उत्तर दिलं. विचारणारा हिरमुसला: ‘बहुतेक लोक अनंत श्रेणीची बेरीज करत बसतात हो.’ फॉन नॉयमान म्हणाला, ‘मीही तेच केलं.’ किस्सा गणितवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय; खरा असो वा नसो, माशीइतकाच चपळ आहे. माझी अडचण वेगळीच आहे. ताशी ८० ने उडणारी माशी असताना लोक गाडीने का जातात?

आमच्या पाठ्यपुस्तकाचा लेखक इतका कोरडा कसा झाला याचं मला कोडं आहे, कारण त्याचे पूर्वज तसे नव्हते. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने नियम सांगून ठेवला होता: दोन गतिमान वस्तू समोरासमोरून येत असतील तर अंतराला गतींच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने जात असतील तर गतींच्या वजाबाकीने. म्हणजे भेटीचा काळ मिळतो. त्याच्या डोळ्यासमोर ग्रह होते; आगगाड्या त्याच जागी आपण नंतर आणून लावल्या. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या काळात झालं त्या राष्ट्रकूटांच्या घराण्यातल्या अमोघवर्षाच्या राजवटीत, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात एक साप आहे. काळाकभिन्न, बलाढ्य, ८० हात लांब. तो बिळात शिरतोय: दिवसाच्या ५/१४ भागात साडेसात अंगुळं. पण दर पाव दिवसाला त्याची शेपटी पावणेतीन अंगुळं वाढतेय! तर हे गणकभूषणा, सांग, साप पूर्ण बिळात केव्हा जाईल?

हे वाचून मी आधी वही बाजूला ठेवली आणि नुसता तो साप डोळ्यासमोर आणला. मग वही घेतली. चोवीस अंगुळांचा हात, म्हणजे साप १९२० अंगुळांचा. रोज २१ अंगुळं आत जातो, रोज ११ अंगुळं बाहेर वाढतो. निव्वळ कमाई १०. म्हणजे १९२ दिवस. (पुणे ते मुंबईही १९२ किलोमीटरच, योगायोग आहे, पण सोडवत नाही.) सहा महिन्यांहून जास्त काळ एक साप बिळात शिरतो आहे आणि आत जाईपर्यंत तो १६८ हातांचा झालेला आहे. गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या कुणालाही हा साप ओळखीचा वाटेल. ५/१४ आणि पाव, साडेसात आणि पावणेतीन असले अवघड आकडे घेऊन उत्तर मात्र पूर्णांकात आणायचं, ही कारागिरी. आणि शेपटी वाढवायची कल्पना सुचणं, ही प्रतिभा.

आपल्या भास्कराचार्यांचं तर काय सांगावं! चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. आजोबांच्या ‘लीलावती’त नऊ हात उंच खांबावर एक पाळीव मोर बसलेला आहे. खांबाच्या पायथ्याशी बीळ, आणि खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, सत्तावीस हातांवरून, एक साप बिळाकडे येतोय. मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. तर बिळापासून किती हातांवर ते भेटतात? बारा हातांवर. दोघंही पंधरा-पंधरा हात आलेले असतात. पाहा, इथेही खांब आहे! पण याला उंची आहे, पायथ्याशी बीळ आहे, डोक्यावर मोर आहे. आमच्या रुळाकाठच्या खांबाचा हा किती वैभवशाली पूर्वज.

भास्कराचार्य आकड्यांच्या लोभाने माणसांना दमवतातही. ‘लीलावती’तला एक राजा शत्रूचे हत्ती पकडायला निघतो. पहिल्या दिवशी दोन योजनं चालतो आणि मग रोज सारख्याच प्रमाणात चाल वाढवत सात दिवसांत ८० योजनं जाऊन शत्रूचं नगर गाठतो. तर रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजनं. आता ‘लीलावती’तल्याच कोष्टकाप्रमाणे योजन म्हणजे ३२,००० हात, हात दीड फुटाचा धरला तर सुमारे साडेचौदा किलोमीटर. पहिल्या दिवशी राजा २९ किलोमीटर चालला, हे ठीक आहे. पण रोज वाढवत वाढवत सातव्या दिवशी तो जवळजवळ २१ योजनं चालतो. म्हणजे तीनशे किलोमीटर! डेक्कन क्वीनला त्याला पाच तास लागले असते, आणि तिच्याबरोबर पायदळ नसतं. हत्ती शत्रूच्या हाती का राहिले नाहीत हे आता कळतं: सैन्य ज्या वेगाने आलं तो पाहूनच ते शरण आले असतील.

शाळांतल्या नव्या अंकगणितात गोपाळ कृष्ण गोखल्यांचाही हात होता. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत असताना बापट नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी अंकगणिताचं पुस्तक तयार केलं आणि ते अनेक वर्षं शाळांतून चाललं. त्याच शाळेत त्यांच्याआधी टिळक गणित शिकवून गेले होते. मला नेहमी वाटतं की या दोघांचं भांडण आर्यभटाच्या नियमातलं आहे. दोघं एकाच शहरातून, एकाच दिशेने निघाले, वेग निरनिराळे. अशा वेळी गतींची वजाबाकी करायची असते आणि अंतर तासागणिक वाढतच जातं. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात ते किती झालं होतं, हे त्या मंडपात उडालेल्या जोड्याने साऱ्या देशाला दाखवलं.

आता हे प्रकरण सगळ्यात जास्त कोण सोडवतं? शाळकरी मुलं नव्हेत. पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत अभ्यासिकांमधून पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेली पोरं-पोरी. राज्यसेवा, तलाठी, रेल्वे, पोलिस भरती, परीक्षा कुठलीही असो, ‘काळ, काम, वेग’ चुकत नाही. त्यांच्याकडे सूत्र नसतं, ‘ट्रिक’ असते. ‘सर, मांडायचं नाही, ट्रिकने पंधरा सेकंदांत होतं.’ होतंही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, कारण पुस्तकात जे राम आणि श्याम निवांत चालत राहतात, त्यांच्या चालण्यावर या मुलांचं पुढचं आयुष्य अडलेलं असतं.

त्यातही पोलिस भरतीची मुलं. त्यांचं आधी ‘ग्राउंड’ असतं, मग लेखी. ग्राउंडला मुलांना सोळाशे मीटर धावायचं. पैकीच्या पैकी गुण हवेत तर ते पाच मिनिटांच्या आसपास मारावे लागतात. ‘सोळाशेचं टायमिंग किती?’ हा त्यांच्यातला रामराम. पाच मिनिटांत सोळाशे म्हणजे ताशी १९ किलोमीटरांच्या वर. पहाटे ते पळतात, अंघोळ करून अभ्यासिकेत येतात आणि समोर उदाहरण येतं: ‘एक चोर ताशी ८ किमी वेगाने पळाला. अर्ध्या तासाने पोलिसाने ताशी १० किमी वेगाने त्याचा पाठलाग सुरू केला. तर पोलीस चोराला किती वेळाने पकडेल?’

ट्रिकने: अर्ध्या तासात चोर ४ किलोमीटर पुढे, वेगांतला फरक २, उत्तर २ तास. चोर कुठल्याही बोळात वळत नाही, दम खायला थांबत नाही, ऐवज घेऊन सरळ रेषेत, समान वेगाने, अडीच तास पळतो.

चहाच्या टपरीवर अशाच एका मुलाने हे गणित मला तोंडी सोडवून दाखवलं. पायांत गोळे आलेले, हातात कटिंग. मी म्हटलं, ‘अडीच तासांत वीस किलोमीटर, तेही ओझं घेऊन. या चोरालाच भरतीत घ्यायला हवं.’

त्याने जरा वेळ हिशेब केला आणि मान हलवली. ‘नाही जमणार काका. आठच्या स्पीडने सोळाशेला बारा मिनिटं लावेल. ग्राउंडलाच बाद.’

‘आणि पोलीस?’

‘दहाचा स्पीड ना?’ त्याने चहा संपवला. ‘नऊ मिनिटं छत्तीस सेकंद. तोही बाद.’